शेवाळाचे खत : श्रेय कोणाला द्यायचे?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला अधूनमधून येतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहराच्या परिसरात भरलेल्या अशाच एका प्रदर्शनात एका टेबलावर मेथीच्या दोन कुंड्या मांडल्या होत्या. एका कुंडीत साधी माती होती, तिच्यातली रोपे किरकोळ आणि पिवळसर होती. दुसऱ्या कुंडीत तळ्यातल्या शेवाळापासून केलेले खत मिसळले होते आणि तिच्यातली मेथी चांगली तरारलेली होती. मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते, 'शेवाळ खत वापरा, जमिनीचा पोत सुधारा'.

माहिती सांगणारी आठवीतली मुलगी हुशार होती. आम्ही तिला विचारले, "या खतात शेवाळाशिवाय आणखी काय घातलं होतं?"

"सर, वाळलेला पालापाचोळा आणि थोडं शेण."

"मग शेवाळ न घालता नुसता पालापाचोळा आणि शेण घातलेली तिसरी कुंडी कुठे आहे?"

मुलीने बाईंकडे पाहिले, बाईंनी आमच्याकडे. तिसरी कुंडी नव्हतीच. तरीही त्या प्रकल्पाला आम्ही चांगले गुण दिले, कारण मांडणी नेटकी होती आणि विषय 'पर्यावरणाचा' होता. ते आम्ही बरोबर केले नाही, असे पुढे बरेच दिवस वाटत राहिले. हा प्रकल्प थोड्याफार फरकाने अनेक शाळांतून होतो, म्हणून त्याची जरा कसून तपासणी करावी असे ठरवले. शेवाळ मातीच्या कामाचे नाही असे आमचे म्हणणे नाही. ते कोणत्या कामाचे आहे आणि कोणत्या कामाचे श्रेय त्याला उगाच मिळते, एवढेच पाहायचे आहे.

हिरवे ते सगळे शेवाळ?

आपल्या बोलीत हिरवे आणि बुळबुळीत ते सगळे शेवाळ. पावसाळ्यात भिंतींवर मखमलीसारखी वाढते ती बहुधा मॉस असते, ते शेवाळ नव्हे. तळ्याच्या पाण्यावर पसरणारी जलपर्णी ही तर जांभळी फुले येणारी सपुष्प वनस्पती. मुले 'शेवाळ' म्हणून जे बादलीत भरून आणतात, त्यात पुष्कळदा या दोन्हींची भेसळ असते.

खऱ्या शेवाळातही प्रकार आहेत. बंधाऱ्याच्या संथ पाण्यात केसांसारखे लांब हिरवे तंतू दिसतात, ते स्पायरोगायरासारखे हिरवे शेवाळ. उन्हाळ्यात सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा तवंग येतो, तो बहुतेक वेळा नील-हरित शेवाळाचा असतो. नील-हरित शेवाळ हे नावाने शेवाळ असले तरी जातीने जीवाणू आहे. त्याच्या पेशीत केंद्रक नसते. म्हणून त्याला आता सायनोबॅक्टेरिया म्हणतात.

हवेतील नत्र पकडण्याची करामत फक्त या नील-हरित गटात आहे, आणि तीही त्यातल्या काहींनाच साधते. नॉस्टॉक आणि अ‍ॅनाबीना यांना ती साधते. तवंग आणणाऱ्या मायक्रोसिस्टिसला साधत नाही आणि स्पायरोगायराला तर नाहीच. नत्र पकडणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते. शेवाळ तर प्रकाशसंश्लेषणात स्वतःच प्राणवायू सोडते. यावर नॉस्टॉकने तोड काढली आहे. मण्यांच्या माळेसारख्या त्याच्या तंतूत मधूनमधून एक मोठा, फिकट, जाड भिंतीचा मणी असतो. त्याला हेटरोसिस्ट म्हणतात. तिथे प्राणवायू तयार होत नाही आणि बाहेरचा सहज आत शिरत नाही, म्हणून नत्राचे काम तिथे चालते. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून हा फिकट मणी दिसू शकतो. तेव्हा 'आमचे शेवाळ हवेतून नत्र घेते' असे पुठ्ठ्यावर लिहिण्याआधी एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहणे एवढे तरी आपण करायला हवे.

विरजण आणि दही

शेवाळ जमीन सुपीक करते ही समजूत आली कुठून? तिच्यामागे खरे आणि चांगले संशोधन आहे. भाताच्या जमिनीत वर्षानुवर्षे नत्रखत न घालताही थोडेफार पीक येत राहते, ते का, हा जुना प्रश्न होता. बंगालमधील भातजमिनींचा अभ्यास करून पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले, की खाचरातले नील-हरित शेवाळ तिथे नत्राची भर घालते. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातील आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेशातील ऊसर जमिनींवर बांध घालून, पावसाचे पाणी अडवून, शेवाळ वाढवण्याचे प्रयोग केले आणि ते १९५० साली प्रसिद्ध केले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेतकऱ्याला स्वतः करता येईल अशी पद्धत बसवली. उथळ पाण्यात माती आणि सुपरफॉस्फेट घालून शेवाळ वाढवायचे, ते उन्हात वाळवायचे आणि भाताची लावणी झाल्यावर हेक्टरी सुमारे १० किलो खाचरात टाकायचे. चांगल्या परिस्थितीत एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळते.

१० किलो टाकून २० ते ३० किलो नत्र! हा हिशेब ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात, आणि नेमका इथेच गोंधळ सुरू होतो. ते १० किलो म्हणजे खत नव्हे, विरजण आहे. ते जिवंत असते. खाचरातल्या उभ्या पाण्यात, उन्हात, फॉस्फरस मिळाला तर ते वाढते, आणि वाढता वाढता हवेतला नत्र पकडते. विरजणाला दूध लागते, तसे या शेवाळाला उभे पाणी लागते.

आमच्या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पिके कपाशी, मका, तूर आणि बाजरी यांची. कपाशीत पाणी साचून राहिले, तर शेतकरी चर काढून ते बाहेर काढतो. बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात नील-हरित शेवाळ हे महत्त्वाचे जैवखत म्हणून सांगितले आहे, ते भातखाचरांच्या संदर्भात. आपण शिकवताना 'भातखाचरात' हा शब्द गाळतो आणि उरलेले वाक्य मराठवाड्याच्या काळ्या रानात नेऊन ठेवतो.

प्रदर्शनातल्या प्रकल्पात तर शेवाळ कुजवले होते, म्हणजे ते मेलेले होते. मेलेले शेवाळ हवेतून काही घेत नाही. जिवंतपणी जेवढे साठवले तेवढेच परत देते. तेव्हा तिथे प्रश्न उरतो तो साध्या वजनमापाचा.

वजनाचा हिशेब

तळ्यातून काढलेल्या शेवाळात गाळाची माती मिसळलेली असते. हिशेबापुरते धरू, की वाळल्यावर त्यात नत्र ३ टक्के आणि कार्बन २७ टक्के भरला. निथळून काढल्यावरही त्यात ९० टक्के पाणी असते असे धरू. एका हेक्टरला १०० किलो नत्र द्यायचे, तर वाळलेले शेवाळ सुमारे ३,३०० किलो लागेल, म्हणजे ओले शेवाळ ३३ टन. तेवढाच नत्र युरियाच्या पाच गोण्यांपेक्षा थोड्या कमी मालात मिळतो. शेणखतातून द्यायचा तर अर्धा टक्का नत्राच्या हिशेबाने २० टन शेणखत लागते. म्हणजे ओले शेवाळ वाहून नेणे हे शेणखत वाहण्यापेक्षाही जड काम आहे, कारण त्यात बहुतांश पाण्याचीच वाहतूक होते. शेवाळ तळ्याकाठीच वाळवले, तर हे ओझे एकदशांश होते. म्हणून या कामात खड्ड्याआधी खळे हवे.

आता कुजवण्याकडे वळू. आपण धरलेल्या शेवाळात कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण ९ ला १ आहे. चांगल्या कंपोस्टच्या ढिगाला सुरुवातीला ते २५ ते ३० ला १ असावे लागते. नुसत्या शेवाळाचा ढीग घातला, तर त्याचा चिखल होतो, आत हवा जात नाही, अमोनियाचा उग्र दर्प येतो आणि आपल्याला हवा असलेला नत्रच उडून जातो. म्हणून त्यात कार्बनचे कोरडे द्रव्य मिसळावे लागते. आमच्याकडे ते मुबलक आहे : पऱ्हाट्या, तुराट्या, मक्याची धाटे. पऱ्हाटीत कार्बन ४५ टक्के आणि नत्र ०.७ टक्के धरू. एक किलो वाळलेल्या शेवाळाबरोबर दोन किलो पऱ्हाटीचा चुरा घेतला, तर कार्बन २७ आणि ९० मिळून ११७ भाग होतो, नत्र ३ आणि १.४ मिळून ४.४ भाग, आणि प्रमाण साधारण २७ ला १ येते. अगदी हवे तसे.

हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर करता येते, आणि ते झाले की मूळ प्रश्नाचे उत्तर आपोआप समोर येते. 'शेवाळाचे खत' म्हणून आपण जे मिरवतो, त्याच्या ढिगात वजनाने दोन भाग पऱ्हाटी आणि एक भाग शेवाळ आहे. नत्रातला सुमारे दोन तृतीयांश वाटा शेवाळाचा आहे, पण कार्बनातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा पऱ्हाटीचा आहे.

पोत कोण सुधारतो?

हा वाटा महत्त्वाचा का, हे मातीकडे पाहिल्यावर कळते. पीक हिरवेगार होणे आणि जमिनीचा पोत सुधारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला प्रामुख्याने नत्र लागतो आणि तिचा परिणाम तीन आठवड्यांत दिसतो. दुसरीला सेंद्रिय कार्बन लागतो आणि तिला वर्षे लागतात.

एका हेक्टरमधल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. तिच्यातला सेंद्रिय कार्बन ०.१ टक्क्याने वाढवायचा, तर २,००० किलो कार्बन त्या मातीत टिकून राहायला हवा. टिकून राहणे हाच यातला अवघड भाग. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात घातलेल्या सेंद्रिय द्रव्याचा मोठा भाग जीवाणू खाऊन टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन तो उडून जातो. शेवाळात लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन नसते, त्यामुळे ते फार लवकर कुजते. पऱ्हाटी लिग्निनमुळे सावकाश कुजते आणि माती बराच काळ भुसभुशीत ठेवते. शेवाळाचा काहीच कार्बन मातीत राहत नाही असे नाही. त्यावर पोसलेल्या जीवाणूंचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात. पण ढिगात मुळात कार्बनच कमी आणला असेल, तर राहणार किती?

म्हणून त्या पुठ्ठ्यावरच्या घोषणेतली पहिली अर्धी ओळ शेवाळाची आणि दुसरी अर्धी पऱ्हाटीची किंवा पालापाचोळ्याची आहे. शेवाळाने कोरड्या काडीकचऱ्याला कुजायला लागणारा नत्र पुरवला, हे त्याचे खरे काम. ते लहान नाही. पुष्कळ ठिकाणी पऱ्हाट्या बांधावर जाळल्या जातात किंवा गुलाबी बोंडअळीला आसरा देत शेतात उभ्या राहतात. त्यांचे बारीक तुकडे करून शेवाळासोबत कुजवले, तर दोन्ही अडगळींचा उपयोग होतो. मात्र अशा प्रकल्पाचे नाव 'पऱ्हाटी-शेवाळ खत' असायला हवे.

खारजमिनीतला धडा

जिवंत शेवाळ तरी खारवट, चोपण जमीन सुधारते ना, असे काही शिक्षक विचारतात. ऊसर जमिनीवरच्या जुन्या प्रयोगांमुळे ही आशा निर्माण झाली आहे. या बाबतीत आपल्याच राज्यातले एक संशोधन वर्गात सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील आपटे आणि थॉमस यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील खारजमिनींसाठी अ‍ॅनाबीना टोरुलोसा या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या नील-हरित शेवाळाची दोन वर्षे पारख केली आणि निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध केले. नत्राची भर चांगली पडली. सोडियमबाबत मात्र त्यांनी स्पष्ट लिहिले, की तो कायमचा काढून टाकणे यातून साधेल असे दिसत नाही, कारण शेवाळ मेले आणि कुजले की त्याच्याकडचा सोडियम पुन्हा मातीतच येतो.

या निष्कर्षाचा आम्हाला विशेष आदर वाटतो. ज्या गोष्टीच्या उपयोगासाठी प्रयोग मांडला, तिची मर्यादा प्रयोग करणाऱ्यांनीच नोंदवली. आपल्या प्रदर्शनांतल्या किती पुठ्ठ्यांवर 'हे यातून साधले नाही' अशी ओळ असते? असते तेव्हा आपण तिला किती गुण देतो?

तळ्याचा फायदा आणि धोका

शेवाळ काढल्याने तळे स्वच्छ होते, हा या प्रकल्पांचा दुसरा दावा. शहरातल्या दिल्ली दरवाजाजवळचे सलीम अली सरोवर डोळ्यांसमोर असल्यामुळे इथल्या मुलांना तो लगेच पटतो. तत्त्वतः तो बरोबरही आहे. शेवाळ तळ्यातला नत्र आणि फॉस्फरस स्वतःत भरून घेते, ते बाहेर काढले की तेवढे पोषण तळ्यातून कमी होते. पण किती? एक टन ओल्या शेवाळात १०० किलो कोरडे द्रव्य आणि त्यात ३ किलो नत्र. रेडफिल्ड यांनी समुद्री प्लवकांसाठी काढलेले प्रमाण ढोबळपणे लावले, तर नत्राच्या एकसप्तमांश, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो फॉस्फरस बाहेर पडतो. म्हणजे एका माणसाचे वर्षाचे सांडपाणी निस्तरायला टनभर शेवाळही पुरत नाही. दहा हजार वस्तीचे सांडपाणी तळ्यात सोडत राहायचे आणि शेवाळ उपसत बसायचे, हे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. आधी सांडपाणी थांबले पाहिजे.

धोक्याची बाजूही आहे. मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांत यकृताला अपाय करणारे विष असते. असा तवंग मुलांनी उघड्या हातांनी काढू नये, आणि तो ताजा असताना पालेभाजीवर घालू नये. शेवाळ पाण्यातले जड धातूही शोषून घेते, आणि कारखान्यांचे किंवा गॅरेजचे पाणी मिसळणाऱ्या नाल्यातल्या शेवाळाचे खत केले तरी धातू काही कुजत नाहीत. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत : किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम. ते मोजणे शाळेला जमणार नाही, पण शेवाळ कोठून आणायचे नाही हे ठरवणे नक्की जमेल.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहराला कंपोस्टचा विचार घाईने करावा लागला, हे इथल्या लोकांना आठवत असेल. नको असलेल्या वस्तूची विल्हेवाट लावणे हा एक प्रश्न आणि मातीला हवे ते देणे हा दुसरा. दोन्हींचे उत्तर कधी कधी एकच निघते, पण तसे गृहीत धरून चालत नाही.

तिसरी कुंडी, आणि चौथी

मग शाळेने काय करावे? प्रकल्प सोडून देऊ नये, तो नीट करावा. आम्ही चार प्रकारच्या कुंड्या सुचवतो : नुसती माती, माती आणि शेणखत, माती आणि पऱ्हाटी-शेणाचे कंपोस्ट, माती आणि पऱ्हाटी-शेण-शेवाळाचे कंपोस्ट. प्रत्येक प्रकारच्या निदान पाच कुंड्या असाव्यात, कारण एका कुंडीतले रोप किडीने किंवा उन्हानेही खुजे राहू शकते. खत वजनाने सारखे घालावे, पाणी मापून द्यावे, कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात. कुंड्यांवर फक्त आकडे लिहावेत आणि मोजणाऱ्या मुलांना कोणत्या आकड्यात काय आहे हे ठाऊक नसावे. शेवटी रोपे उपटून, धुऊन, वाळवून त्यांचे वजन करावे.

पोताबद्दल बोलायचे असेल तर पोतही तपासावा. प्रत्येक कुंडीतले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्यात बुडवावे आणि ते किती वेळात विरघळते ते पाहावे. सेंद्रिय द्रव्य असलेले ढेकूळ अधिक वेळ तग धरते. हा फरक महिन्याभरात दिसेलच असे नाही. त्याच कुंड्या पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवाव्यात.

जिवंत शेवाळ पाहायचे असेल, तर पावसाळा सुरू झाल्यावर मुलांना मुरमाड मोकळ्या जागेवर न्यावे. जमिनीवर काळपट हिरव्या जेलीसारखे गोळे दिसले, तर ते बहुधा नॉस्टॉकचे असतात. उन्हात ते काळ्या कागदाच्या कपच्यांसारखे वाळतात, वर्गात पाण्यात टाकले की पुन्हा फुगतात. त्यांचा बुळबुळीत स्राव मातीचे कण धरून ठेवतो. नांगरटीच्या रानात ते टिकत नाहीत, पण माळावर त्यांचे काम कोणी न सांगता चालू असते.

आमच्या हिशेबातले ३ टक्के, ०.७ टक्के हे आकडे तळ्यागणिक, शेतागणिक बदलतील. शिक्षकांनी ते बदलून गणित पुन्हा करून पाहावे. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारच्या कुंड्यांतल्या रोपांचे वजन सारखेच भरले, तर मुले हिरमुसतील. त्या वेळी त्यांना सांगावे, की पुठ्ठ्यावर तेच लिहा. पुन्हा परीक्षक म्हणून बसलो, तर त्या पुठ्ठ्याला पूर्ण गुण द्यायचे असे आम्ही ठरवले आहे.